दहा कोयत्यांत चाळीस गोळ्या

हिवरखेडीच्या धुरपदाबाईला कुणी डॉक्टरीण म्हणालं की तिला राग यायचा. डॉक्टर लोक एकाच माणसाला दहा गोळ्या देतात आणि बाकीच्या नऊ जणांना हात हलवत परत पाठवतात, असं तिचं निरीक्षण होतं. यात न्याय कुठं बसतो ते तिला काही केल्या कळत नसे. तिची स्वतःची पद्धत सोपी होती. दहा गोळ्या, दहा माणसं, एकेक गोळी. आजारी कोण आणि धडधाकट कोण, असल्या भानगडीत ती पडत नसे.

जिंतूर रोडवरच्या या गावातून दर साल दहा कोयते ऊसतोडीला जायचे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतला एक जण कमी झाला तर राहतो तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठलाच मुकादम ट्रकमध्ये बसवून घेत नाही. तर दहा कोयत्यांची वीस माणसं, सहा महिने उघड्या रानातल्या पाचटाच्या कोप्या, आणि सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याला मिळून एकच चंची. ही चंची मूळची धुरपदाबाईच्या सासूची, पानसुपारीची. सासू गेली, पान खाणं बंद झालं, कप्पे तेवढे कामाला आले. चुन्याच्या कप्प्यात मलमाची चपटी डबी, सुपारीच्या कप्प्यात डोकेदुखीच्या गोळ्या, आणि पानांच्या मोठ्या कप्प्यात लाल-काळ्या कॅप्सुला.

या कॅप्सुला कारखान्याच्या दवाखान्यातून यायच्या. डॉक्टर पाच दिवसांच्या लिहून द्यायचा. माणूस पहिल्या दिवशी दोन खायचा, ताप उतरायचा, आणि उरलेल्या तो इमानदारीनं चंचीत जमा करायचा. बरं झाल्यावरही गोळ्या खात बसणं म्हणजे भरल्या पोटी दुसऱ्याची भाकर ओढण्यासारखं, अशी टोळीत रीत होती. मग धुरपदाबाई त्यांचं वाटप करायची. तापाला एक. पाय कापला तर एक फोडून अर्धी भुकटी जखमेवर, अर्धी कागदात बांधून पुढच्याच्या जखमेला. गावातून ट्रक निघायच्या दिवशी नारळ फुटला की खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर प्रत्येकाच्या तळहातावर एकेक कॅप्सूल. ही कशावर, असं विचारायचं नसतं. प्रसाद कशावर असतो?

हा मान तिला फुकट मिळालेला नव्हता. माहेर सेलूकडचं, बारा वर्षांची असताना सासरी आली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर खायला सरकारी सुकडी वाटली जायची तेव्हा तिथं रोज डोकी फुटायची. एक दिवस मुकादमानं वैतागून वाटी धुरपदाबाईच्या हातात दिली. तिनं चारशे माणसांना अशी सुकडी वाटली की शेवटच्या माणसाच्या हातावरही पहिल्याइतकीच पडली, आणि तिच्या स्वतःच्या हातावर पडायला काहीच उरलं नाही. त्या दिवसापासून लग्नाचं जेवण असो, बोकडाचं मटण असो, वाटणीला धुरपदाबाई. उपाशी राहून मिळवलेली इज्जत होती ती. माणूस अशी इज्जत सहजासहजी सोडत नाही.

तिच्या दिराचा मुलगा सूर्यभान परभणीच्या एका कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकायचा. जंतू शिकायला पोराला गावाबाहेर कशाला धाडलं, इथं काय कमी हायेत का, असं गावाचं म्हणणं होतं. पण सूर्यभान नुसता शिकून थांबला असता तर तो सूर्यभान कसला. अठ्ठ्याऐंशी साली त्यानं आणि वर्गातल्या सहा जणांनी मंडळ काढलं. कोणत्या गावच्या जंतूंवर कोणतं औषध अजून चालतं आणि कोणतं चालेनासं झालंय, हे सगळ्या जिल्ह्यात शोधून काढायचं. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न दहा वर्षं झाली तरी सुटला नव्हता. भिंतींवर रोज नवी घोषणा, कॉलेज महिन्यातून चार दिवस बंद. त्या मानानं या सात जणांनी आपल्या मंडळाचं नाव तिसऱ्याच बैठकीत ठरवलं. 'परभणी जिल्हा जंतू व औषध-प्रतिकार विद्यार्थी संशोधन मंडळ.' एवढं नाव लिहायला रबरी शिक्का पुरेना, म्हणून शिक्का केलाच नाही. सरांनी परवानगी दिली. म्हणजे "मला काही विचारू नका" असं म्हणाले.

मंडळाकडं साहित्य म्हणजे काचेच्या झाकणाच्या अठरा बशा, आणि जंतू उबवायला साबणाचं लाकडी खोकं, आत साठचा बल्ब. खरी ताकद होती ती डब्यांत. सातही जण खोल्या करून राहायचे आणि सातांच्याही भाकरी रोज सकाळी आपापल्या गावाहून एसटीनं यायच्या. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची ही रांग. रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत. मंडळानं ठराव केला की ज्या गाडीनं भाकर येते तिनंच पूही येईल. गावात कुणाची जखम चिघळली की उकळलेल्या काडीला कापूस गुंडाळून ती जखमेवर फिरवायची, काचेच्या नळीत घालायची, बूच मारायचं, आणि नळी डब्याच्या वरच्या पुडात. खालचे दोन पुडे भाजी-भाकरीचे. एका नमुन्यात जंतूंऐवजी लसणाचा ठेचा निघाला, तेव्हा बूच घट्ट लावावं असा दुसरा ठराव झाला. हिवरखेडीहून नळी पाठवायची जिम्मेदारी अर्थातच धुरपदाबाईवर आली. पोराचा डबा तीच भरायची.

पोळ्यानंतर सूर्यभान पहिला निकाल घेऊन गावात आला आणि पारावर उभा राहिला. त्याची कल्पना अशी की लोक ऐकून हादरतील.

"आपल्या गावच्या बारा जणांच्या जखमा तपासल्या," तो म्हणाला. "पाच औषधं लावून बघितली. त्यातली चार आपल्या गावच्या जंतूंवर चालतच न्हाईत."

मग बन्सीधर नावाच्या म्हाताऱ्या पहिलवानानं विचारलं, "आन् डोंगरपिंपळ्याचे?"

"तिथं दोन चालत न्हाईत. तीन चालतात."

"म्हंजी त्यांचे जंतू तीन औषधांत चितपट!"

"आपले चार जणांना पुरून उरले की रं!" दुसरा ओरडला. "मी म्हणलं नव्हतं? आपल्या हिरीचं पाणीच तसं हाय."

"अहो काका, ही वाईट गोष्ट हाय," सूर्यभान कळवळून म्हणाला.

"वाईट त्यांच्यासाठी. पाचवं औषध कोणतं रं? ते कामून जितलं?"

सूर्यभाननं अर्धा तास समजावलं. गोळ्या अर्धवट खाल्ल्या की कच्चे जंतू मरतात, तगडे उरतात, आणि पुढं त्यांचीच अवलाद वाढते. लोकांनी मन लावून ऐकलं. तगडे उरतात, एवढं त्यांना पटलं. तालमीतही तसंच असतं. दोनच दिवसांत डोंगरपिंपळ्याच्या लोकांना बाजारात खाली बघून चालावं लागलं, आणि मंडळाच्या वहीत सूर्यभाननं लिहिलं : 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.'

धुरपदाबाई त्या दिवशी पाराच्या कडेला बसली होती. बाकी काही तिला कळलं नाही, पण गोळ्या वाटण्याबद्दल पोरगं काहीतरी वाकडं बोललं, एवढं कळलं. घरी आल्यावर तिनं त्याच्यापुढं ताट आदळलं.

"मी वाटते म्हणून जंतू माजले म्हंतोस व्हय रं?"

"तसं न्हाई काकू…"

"मग कसं? सोळा वर्सं झाली वाटायलेय. एक माणूस म्हणाला का, मला कमी पडलं म्हणून?"

यावर शास्त्रात उत्तर नव्हतं. सूर्यभान भाकर खाऊन परभणीला गेला.

त्यानंतर आठवड्याभरात तिच्या नवऱ्याच्या, सटवाजीच्या, डाव्या टाचेवर कुऱ्हाड घसरली. कुंपणासाठी बाभूळ तोडायला गेला होता. सटवाजी हा स्वभावानं सरळ, टोळीच्या शब्दाबाहेर न जाणारा, आणि दुखतंय हे कबूल करायला कमीपणा मानणारा माणूस. त्यानं जखमेत हळद भरली आणि चिंधी बांधून परत बाभळीला लागला. चार दिवसांनी टाच फुगली तेव्हा धुरपदाबाई त्याला जिंतूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी वीस लाल-काळ्या कॅप्सुला दिल्या.

वीस! टोळीत माणसं बरोबर वीस. असा योग रोज येत नाही. निघायच्या दिवसाचा प्रसाद आयताच जमला, म्हणून धुरपदाबाईनं अठरा चंचीत टाकल्या आणि सटवाजीला दोन दिल्या. जखमी माणूस म्हणून एक जास्त, तिच्या स्वतःच्या वाट्याची. त्याबद्दलही तिला मनातून थोडं अपराध्यासारखं वाटलं.

दसरा उजाडला तोवर टाचेचा रंग वांग्यासारखा झाला होता आणि सटवाजी भिंत धरून चालत होता. मुकादम किशनराव येऊन पाय बघून गेला. तो वाईट बोलला नाही. फक्त जाताना पलीकडच्या गल्लीतल्या एका नव्या जोडप्याच्या घरी चहाला थांबला. धुरपदाबाईनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं सटवाजीला परत जिंतूरला नेलं.

"आठ दिवस," डॉक्टर चिंधी सोडून म्हणाले. "उतार पडला न्हाई तर परभणीला न्या. तिथं पाय ठेवायचा का काढायचा ते बघतील. मी दिलेल्या सगळ्या गोळ्या खाल्ल्या का?"

"वाटल्या की," धुरपदाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी चिंधी परत बांधली. मग त्यांनी हात धुतले.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं पहिल्यांदा कुणी न सांगता काडी उकळली. सकाळच्या गाडीनं डबा गेला. वरच्या पुडात सटवाजीची टाच, खालच्या पुडात मेथीची भाजी. तिसऱ्या दिवशी सूर्यभान स्वतः आला, एक बशी पिशवीत लपेटून. बशीत पिवळट थर होता. थरावर औषधात बुडवलेले कागदाचे पाच ठिपके होते. चार ठिपक्यांच्या कडेपर्यंत जंतू अगदी लगटून वाढले होते. पाचव्याभोवती मात्र चार आण्याच्या नाण्याएवढं स्वच्छ गोल अंगण पडलं होतं.

"काकू, हे झाकण उघडायचं न्हाई. नुसतं बघ. हे काकाच्या पायातले जंतू. ही चार औषधं त्यांच्या शेजारी ठिवली तर ते तिथंच संसार मांडून बसलेत. आन् ह्या पाचव्याजवळ एक बी यायला तयार न्हाई."

धुरपदाबाई बशी उजेडाला धरून बघत राहिली. शास्त्र तिला येत नव्हतं, पण अंगण तिला कळत होतं.

"ह्या चारातली आपली लाल-काळी कोणती?"

सूर्यभाननं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो ठिपका जंतूंत जवळजवळ बुडाला होता. तिनं चंची कनवटीची काढून फळीवर ठेवली.

डॉक्टरांनी बशी पाहिली, "हे तुमी पोरांनी केलं?" असं दोनदा विचारलं, आणि पाचवं औषध लिहून दिलं. दिवसाला चार, दहा दिवस. चाळीस कॅप्सुला, एकही कमी चालणार नाही.

चाळीस हा आकडा गावात सूर्यभानच्या आधी पोचला. गावच्या अजिंक्य जंतूंना लोळवणारी पाचवी गोळी आलीय, आणि चाळीस आलीय. वीस माणसांना दोन-दोन. दुपारी धुरपदाबाईच्या ओसरीवर टोळी जमली. सगळ्यांत पुढं चांगुणाबाई, जिला बारा महिने खोकला असे आणि तो सांगायला तेरावा महिनाही पुरत नसे.

"दोन न्हाई तर एक दे, धुरपदा," ती म्हणाली. "माझी छाती बघ कशी वाजायलीय."

"ही खोकल्याची न्हाई, चांगुणाबाई. टाचेची हाय."

"औषधाला काय ठावं टाच कुटं आन् छाती कुटं? पोटातूनच जायचं हाय सगळीकडं."

"ह्या एका माणसानं खायच्या हायेत. चाळीसच्या चाळीस."

ओसरीवर कुणी हसलं. त्यांना वाटलं, धुरपदाबाई थट्टा करते आहे. एक माणूस, चाळीस गोळ्या! हे बैलालाही जड गेलं असतं. मग ती हसत नाही हे बघून हसणारे थांबले.

"चंचीची रीत काय हाय?" चांगुणाबाईनं आवाज चढवला. "तूच घातलेली न्हवं?"

"व्हय. मीच घातलेली."

"मग?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा धुरपदाबाईच्या ओसरीवरून माणसं रिकाम्या हातानं उतरली, आणि तिनं त्यांना उतरू दिलं. चंची फळीवरच राहिली. गोळ्या तिनं पदराच्या गाठीला बांधल्या.

टोळीला नाराज करणं एक वेळ सोपं होतं. सटवाजीला गोळ्या चारणं त्याहून अवघड निघालं. तीन दिवसांत सूज उतरली, आणि सूज उतरल्याबरोबर त्याची इमानदारी वर आली.

"आता बरं हाय मला. वाट की राहिलेल्या. लोक काय म्हणायलेत ऐकलंस का?"

"ऐकलं. आ करा."

"अगं, पाराकडं जायची सोय ठिवली न्हाईस तू माझी."

"टाच ऱ्हायली तर पाराकडं जाताल. आ करा."

चौथ्या दिवशी तिनं त्याचा पटका धुवायला घेतला तर घडीतून तीन कॅप्सुला खाली पडल्या. गिळल्यासारखं करून, जिभेखाली धरून, सटवाजी रीत पाळत होता. आणखी दोन तर त्यानं चांगुणाबाईच्या नवऱ्याला पोचत्याही केल्या होत्या. धुरपदाबाईनं आरडाओरडा केला नाही. तिनं सूर्यभानला निरोप पाठवून दोन गोळ्या जास्तीच्या मागवल्या, आणि त्या दिवसापासून दिवसातून चार वेळा सटवाजीच्या तोंडात आपलं बोट घालून जिभेखाली, गालात, दाढेमागं फिरवून बघू लागली. अंगणातून जाणारे-येणारे थांबून बघायचे. पन्नाशीच्या माणसाला तान्ह्या लेकरासारखं तोंड उघडायला लावणारी बाई हिवरखेडीनं याआधी पाहिलेली नव्हती. तिनं एकदाच चिडून अंगणातल्यांना विचारलं, "तुमचं कुणाचं बघायचं ऱ्हायलंय का? या." तेव्हा अंगण मोकळं झालं.

चाळिसावी गोळी संपली त्या दिवशी सटवाजी भिंत सोडून बांधापर्यंत चालत गेला आणि चालत आला.

दिवाळीनंतर औरंगाबादला विद्यार्थ्यांचं एक संमेलन झालं. तिथं सूर्यभाननं निबंध वाचला. त्यात धुरपदाबाई होती. 'एक अशिक्षित महिला, वय अंदाजे चाळीस.' मंडळाच्या प्रयत्नांमुळं तिच्यात आणि एकूणच ग्रामस्थांत औषधांच्या योग्य वापराबाबत जाणीव निर्माण झाली, असा निष्कर्ष होता. टाळ्या पडल्या. निबंधाला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस डासांवरच्या निबंधाला गेलं.

इकडं जाणीव निर्माण झालेल्या ग्रामस्थांनी त्याच आठवड्यात पारावर बैठक घेतली. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. किशनराव मुकादमानं कोयते मोजले, दहा पुरे भरले, आणि मग घसा साफ करून म्हणाला, "चंचीचं बोला."

चांगुणाबाई बोलली. चाळीस गोळ्या आल्या, वीस माणसं होती, आणि चाळीसही एकट्याला मिळाल्या. त्यात तो एकटा वाटणारणीचा नवरा निघाला, हा योगायोग म्हणावा का काय ते पंचांनीच बघावं. बन्सीधर म्हणाला की बाईचा हात चांगला होता, पण माणूस घरच्यावर आला की हात वाकतो. कुणी रागानं बोलत नव्हतं, हेच वाईट होतं.

"तुला काही म्हणायचंय का, धुरपदाबाई?" किशनरावनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "झालं ते तसंच झालं. पुन्ना बी तसंच करीन."

हे तिनं बोलायला नको होतं, असं नंतर बऱ्याच जणांचं मत पडलं. माफी मागितली असती तर चंची राहिली असती. फळीवरची चंची ती येताना कनवटीला खोचून आली होती; ती काढून तिनं चांगुणाबाईच्या पदरात टाकली. टाकण्याआधी तिनं लाल-काळ्या अठराही कॅप्सुला काढून मुठीत घेतल्या होत्या. चांगुणाबाईनं कप्पा चाचपला आणि "ह्ये बी घ्या!" म्हणून ओरडली.

"त्या चालत न्हाईत," धुरपदाबाई म्हणाली. "मी बघितलंय."

"चालत न्हाईत तर तुला कशाला पायजेत?"

धुरपदाबाईनं मूठ पाराशेजारच्या चुलीत उघडली. सकाळच्या चहाचे निखारे अजून लाल होते. टोळीतली बाकीची अठरा माणसं उठून उभी राहिली. वस्तू वाया घालवणं हे वाटणीतल्या अन्यायाहून मोठं पाप होतं, आणि आता तिच्या नावावर दोन्ही जमा झाली.

किशनराव सटवाजीकडं वळला. "तुमी बोला बाप्पा. तुमच्यावरूनच झालंय समदं."

सटवाजी पाराच्या पायरीवरून उठला. काठी त्यानं घरीच ठेवली होती. पटका सारखा केला, सगळ्या टोळीकडं एकदा बघितलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "टोळी म्हणती तेच बरुबर हाय. तिचं चुकलंच. मी तिला तवाच म्हणलं होतं, वाट म्हणून."

चार माणसांनी माना हलवल्या. असा सरळ माणूस, आणि बायको अशी, असा त्या मानांचा अर्थ होता. चांगुणाबाईनं चंची कनवटीला खोचली.

धुरपदाबाईला नवऱ्याचं तोंड बघायची गरज पडली नाही. ती त्याच्या पायाकडं बघत होती. एवढं सगळं बोलून होईपर्यंत तो माणूस डाव्या पायावर भार देऊन उभा होता, आणि टाच जमिनीला पुरी टेकली होती.